दोघांपुरता बांध

राजूबाईला नवऱ्याच्या तोंडापेक्षा त्याची पाठ जास्त ओळखीची होती. यात हसण्यासारखं काही नाही. खजुरीच्या शिवारात बांध म्हणजे एका माणसाच्या पावलाएवढा. त्याच्यावरून माणसं जाणार ती एकामागं एक, पुढं गडी आणि मागं बाई. गड्याच्या हातात काठी, कारण गवतात इचूकाटा असतो, पान असतं, म्हणजे साप, त्याचं नाव घेत नाहीत. बाईच्या डोक्यावर भाकरीची पाटी. लग्न झालं त्या साली राजूबाई हरिबाच्या मागं चालायला लागली ती लेक लग्नाची झाली तरी चालतच राहिली. त्याच्या मानेवरचा तीळ, बंडीला खांद्यावर लावलेलं ठिगळ, केसांत पांढरं कधी शिरलं, हे सगळं तिला तोंडपाठ. पाठीवरून ती त्याचा राग ओळखायची आणि पाठीवरूनच भूक.

बोलणंही पाठीशीच चालायचं. एका हातानं पाटी सावरत, हातभर काचेच्या बांगड्या वाजवत ती मागून सगळं सांगत यायची. म्हैस आटली, जाऊबाई फुगून बसली, कडब्याला घूस लागली. वारा असला की त्यातलं अर्धं ज्वारीत जायचं. हरिबा मधूनच "हं" म्हणायचा, आणि तो "हं" म्हशीला होता की जावेला, ते त्याचं त्याला ठाऊक. कधीकधी तर तो मध्येच उभा राहून एखादं कणीस हातात धरायचा आणि बघत बसायचा. तुमच्यापेक्षा बैलाला सांगितलं तर तो मान तरी हलवतो, असं राजूबाई म्हणायची. त्यालाही उत्तर "हं."

माणूस वाईट होता का? मुळीच नाही. बायकोवर हात उचलणं नाही, शिंदी प्यायला झाडाकडं वळणं नाही, कुणाच्या घेण्यात नाही की देण्यात नाही. फक्त त्याच्या तोंडातून शब्द काढायचा म्हणजे आटलेल्या आडातून पाणी शेंदायचं. पोहरा खालपर्यंत जायचा, खडखडायचा, आणि वर येईपर्यंत घोटभर पाणी.

राजूबाईची एकच हौस होती, आणि ती तिनं जन्मात एकदाच बोलून दाखवली. लग्नाला वर्षही झालं नव्हतं. सासूनं नवस बोलला होता म्हणून दोघं गाणगापूरला गेली होती. तिथं संगमाच्या वाटेवर तिला पुण्याकडचं एक जोडपं दिसलं. बाई आणि बाप्या एका रांगेत, खांद्याला खांदा लावून चालले होते. बाई काहीतरी सांगत होती आणि तो मान तिरकी करून ऐकत होता. ऐकता ऐकता हसलासुद्धा! राजूबाई बघतच राहिली. परत आल्यावर बांधावर तिनं हरिबाच्या पाठीला विचारलं, आपण बी तसं जोडीनं चालूया का एकदा? हरिबा म्हणाला, "बांधावर दोघं कसं मावत्याल?"

खरंच होतं ते. तिनं पुन्हा विचारलं नाही. पण हौस म्हणजे काही दात नव्हे, उपटून टाकला आणि संपलं. ती राहिलीच.

पुढं त्या हौसेला एक दुखरी कड आली. त्यांना पहिला मुलगा झाला होता, राघोबा. चार वर्षांचं पोर तापानं फणफणलं आणि दोन दिवसांत हातचं गेलं. दिवस-पाणी झालं, पाव्हणे गेले. त्यानंतर राजूबाई पहिल्यांदा रानात गेली, आणि संध्याकाळी दोघं परत निघाली. वाटेवरच्या चिंचेपाशी आल्यावर तिला एकाएकी धडकी भरली. ज्या घरात पोर नाही त्या घरात जायचं, चूल पेटवायची, हे कसं व्हायचं? ती पाठीला म्हणाली, "अवो, थांबा जरा. मला लई भ्या वाटायलंय."

पाठ थांबली नाही. वळली तर नाहीच. उलट पावलं जास्तच भराभर पडायला लागली. राजूबाई पाटी सावरत मागून पळाली. वारा होता, ऐकू गेलं नसेल, असं तिनं मनाला सांगितलं. पण फाटक्या पोत्यात धान्य कितीही भरा, गळायचं ते गळतंच. ऐकू गेलं असेल का? गेलं असेल तर थांबला का नाही? हे त्याच्या तोंडाकडं बघून विचारायचं होतं. आणि तोंड काही दिसत नव्हतं. घरात सासू, जावा, येणारे-जाणारे. चूल ते दावण, दावण ते बांध, बांधावर पुन्हा पाठ. म्हणून तिला जोडीनं चालायचं होतं, बस एवढंच.

राघोबाच्या मागं सुमन झाली, मोठी झाली, उजवली. जावई रामकिशन आपल्याच जातगोतातला, पण नोकरीपायी पार समुद्राकाठी जाऊन पडलेला. कुमठ्याजवळ एका लाकडाच्या वखारीत तो दिवाणजी होता. सुमन पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली आणि पोरगी झाली. बाळ मान धरायला लागलं तसा जावयाचा निरोप आला की वखारीत मरणाचं काम आहे, रजा मिळत नाही, तुम्हीच लेकीला आणून घाला आणि आल्यासारखे चार-आठ दिवस राहा. दिवाळी होऊन गेली होती. ज्वारी पेरून कोळपणी उरकली होती. हरिबानं बैल आणि रान शेजारच्या चनमल्लप्पाच्या हवाली केलं. तरी निघताना दोनदा माघारी जाऊन बैलांच्या पाठीवरून हात फिरवून आला.

गाडीबैलानं निजामाची हद्द ओलांडताना करोडगिरीच्या, म्हणजे जकातीच्या नाक्यावर शिपायानं त्यांचं ज्वारीच्या पिठाचं गाठोडं सोडून हात घालून बघितलं. भाताच्या मुलुखात जायचं तर पीठ नको का न्यायला? रेल्वे, होटगीला बदली, विजापूर, गदग, हुबळी, मग सर्व्हिस मोटार. घाट उतरताना हरिबा डोळे मिटून बसला. राजूबाईनं मात्र डोळे टक्क उघडे ठेवले, कारण असा घाट पुन्हा कोण दाखवणार होतं?

समुद्र बघून हरिबानं पहिली गोष्ट काय विचारली असेल? हे रान कुणाचं. एवढं लांबरुंद, ना झाड ना झुडूप, पडीक कशापायी ठेवलंय म्हणे. जावयानं सांगितलं, मामा, ही वाळू आहे, हिच्यात काही येत नाही. हरिबाला पटेना. त्यानं खाली बसून मूठभर वाळू उचलली, चोळली, बोटांतून सोडून दिली. मग याच्यात करडईसुद्धा यायची नाही, असा निकाल देऊन उठला. रामकिशन मिशीतल्या मिशीत हसला.

दुसऱ्या दिवशी सुमननं दोघांना फिरून यायला सांगितलं. घरापासून समुद्राकाठानं एक वाट जात होती. आधी वाळूतून, मग केवड्याच्या बनाकडेनं टेकाडावर चढून पलीकडच्या देवळापर्यंत. हरिबाला फिरणं ही काय भानगड आहे तेच कळेना. तिकडं कुणाकडं काम आहे? नाही. काही आणायचंय? नाही. मग जायचं कशाला? बिनकामाचं तर बैलसुद्धा चालत नाही. शेवटी सुमन रुसली तेव्हा तो उठला. काठी घेतली आणि खुंटीवरचा दोरही घेतला. आता जातोच आहोत तर येताना सरपणाचा भारा तरी आणता येईल.

तर अशी ती दोघं फिरायला निघाली. ओहोटी होती, वारा पडलेला, पाणी लांब जाऊन निपचित पडलं होतं. सगळीकडं नुसती सपाट वाळू. हजार बैलगाड्या शेजारी-शेजारी हाकल्या असत्या तरी मावल्या असत्या. आणि त्या वाळूतून हरिबा पुढं, काठी आपटत, आणि राजूबाई बरोब्बर त्याच्या मागं, त्याच्या पावलात पाऊल टाकत. दोघांपैकी एकालाही त्यात काही वावगं वाटलं नाही. पाय आपोआप तसे पडत गेले.

सुमननं दारातून सगळं बघितलं होतं. दोघं परत आल्यावर तिनं विचारलं, "माय, एवढी मोकळी जागा, आन् तुमी बांधावरनं चालल्यावानी एकामागं एक?"

हसून हसून तिच्या डोळ्यांत पाणी आलं. राजूबाईही हसली. मग उठून चुलीपाशी गेली आणि चांगली पेटलेली चूल फुंकत बसली. तिला फार वाईट वाटलं होतं. इतकी वर्षं तिनं बांधाला बोल लावला होता. बांध अरुंद आहे, दोघं मावत नाहीत, माणूस तरी काय करणार? आता इथं तर बांधच नव्हता. मग दोष कुणाचा? तिला वाटलं, मावत नव्हतं ते बांधावर नव्हेच, याच्या मनातच आपल्याला जागा नव्हती.

दुसऱ्या दिवशी तिला जायचंच नव्हतं. पण दिवस कलायला लागला तसा हरिबा काठी आणि दोर घेऊन दारात उभा राहिला आणि खाकरायला लागला. हे त्याचं बोलावणं. राजूबाई पदर खोचून निघाली, आणि मुद्दामच चार हात जास्त मागं राहिली.

आज भरती होती. वाराही सुटला होता. लाटा फुटत होत्या, आणि सगळीकडं तो एकच घोष. हरिबा थोडा चालला आणि त्यानं मागं वळून बघितलं. राजूबाईला नवल वाटलं. पदर घसरलाय का म्हणून तिनं चाचपून बघितलं. तो पुन्हा चालला, पुन्हा वळला. मग दर थोड्या वेळानं तेच. मान वळवायची, ती दिसली की पुढं बघायचं, लगेच पुन्हा वळायची. बघून बघून तिलाच कानकोंडं झालं. कालपर्यंत ज्याची मान मागं वळत नव्हती त्याला आज झालं काय? शेवटी ती तापली.

"काय बघायलात सारकं? म्या काय पळून जायलेय?"

हरिबानं मान पुढं वळवली. आणखी थोडं चालला, मानेवर हात ठेवून उभा राहिला. मान अवघडली होती बिचाऱ्याची. ती जवळ येईपर्यंत थांबला आणि वाळूकडं बघत म्हणाला, "तू अशी बाजूला चल."

"कामून?"

पोहरा खालपर्यंत गेला, खडखडला.

"बांगडी ऐकू यायना," हरिबा म्हणाला.

राजूबाईला आधी कळलंच नाही. मग त्यानं तोडक्या तोडक्या शब्दांत सांगितलं ते असं. बांधावर तो पुढं असला तरी त्याचे कान मागंच असायचे. तिच्या बांगड्या वाजत असल्या की त्याला मागं बघावं लागायचं नाही. आवाज मंदावला की तोही पाऊल हळू टाकायचा. काटा काढायला, पाटी सारखी करायला ती थांबली आणि आवाज बंद झाला की तोही थांबायचा. आता उगीच बायकोची वाट बघत उभं राहिलं तर लोक काय म्हणतील? म्हणून मग एखादं कणीस हातात धरायचं. या समुद्राच्या घोषात बांगडी काही ऐकू येत नव्हती. मागं माणूस आहे की नाही तेच कळत नव्हतं, आणि त्याला करमत नव्हतं.

राजूबाई उभीच राहिली. बांधावर बघितलेली सगळी कणसं तिच्या डोळ्यांपुढून गेली. या माणसाला माझ्यापेक्षा ज्वारी प्यारी, असं ती जावेला कितीदा तरी म्हणाली होती! तिला स्वतःचंच हसू आलं. ती मुकाट्यानं पुढं झाली आणि त्याच्या शेजारी उभी राहिली.

मग दोघं चालायला लागली, पण जोडीनं चालायची सवय कुठं होती? खांद्याला खांदा थडकला. काठी तिच्या पायात आली. त्यानं काठी दुसऱ्या हातात घेतली तर दोर मध्ये आला. ती दोन पावलं टाकायची तोवर तो तीन टाकायचा. समोरून टोपल्या घेऊन येणाऱ्या कोळणी त्यांच्याकडं बघून हसल्या. हळूहळू पावलं जुळली. वाट टेकाडावर चढली, लाटांचा आवाज खाली राहिला. केवड्याच्या बनाशी आल्यावर राजूबाईनं मान वळवून त्याच्या तोंडाकडं बघितलं. एवढ्या जवळून, दिवसाउजेडी, चालताना. आता नाही विचारलं तर मग कधी?

"राघू गेला त्या सालचं," ती म्हणाली. "चिंचेपाशी म्या तुमाला थांबा म्हनलं. ऐकू आलं व्हतं का?"

हरिबाच्या तोंडावरचं सगळं तिला दिसलं. गालाची हाडं हलली. डोळे बारीक झाले. पाठीवर हे कधीच दिसलं नसतं.

"आलं व्हतं."

म्हणजे वारा नव्हता तर! इतकी वर्षं घातलेली समजूत एका शब्दात गळून गेली. तिला राग आला, इतका की पाय तिथंच थबकले.

"मग थांबला कामून न्हाईत?"

तो थांबला होता, ती थांबली तेव्हाच. समुद्राकडं बघत म्हणाला, "वळलो असतो तर तुला माजं तोंड दिसलं असतं. म्या सगळ्या वाटंनं रडत चाललो व्हतो. तुला आधीच भ्या वाटायलालतं. बाप्याबी रडायलाय म्हनल्यावर तू कुनाकडं बघितली असतीस?"

एवढं लांबलचक हरिबा जन्मात बोलला नव्हता. मागून तू पळत आलीस, बांगड्या वाजल्या, तेव्हा जरा धीर आला, असंही तो पुटपुटला. राजूबाई रडली. पोरासाठी तर रडलीच, पण त्या चिंचेपासून घरापर्यंतच्या वाटेसाठी जास्त रडली. एवढ्याशा वाटेवर दोन माणसं एकाच दुःखानं रडत होती आणि दोघांना एकमेकांचं ठाऊक नव्हतं. मग तिनं डोळे पुसले आणि त्याच ओल्या पदरानं त्याचंही तोंड पुसलं, भर वाटेवर, कुणी बघो न बघो. येडं हाय का मानूस, असं म्हणाली. हरिबा म्हणाला, "हं."

पुढचे सगळे दिवस ती दोघं रोज त्या वाटेनं देवळापर्यंत जायची, जोडीनं. ती बोलायची आणि तो मान तिरकी करून ऐकायचा. सरपण एकदाही आलं नाही. शेवटी शेवटी तर दोर खुंटीवरच राहायचा.

येळवशीच्या सणाआधी दोघं खजुरीला परतली, कारण मार्गशीर्षाच्या अवसेला रानात नसेल तो कसला शेतकरी? येळवशीला सगळं गाव रानात लोटलं. कडब्याच्या कोपीत पाच दगडांचे पांडव मांडले. आंबिलीनं भरलेला बिंदगा, म्हणजे घडा, घेऊन हरिबा बांधावरून रानाला फेरा घालायला निघाला. राजूबाई आपसूक मागं लागली. बांध होता तेवढाच होता, एका पावलाचा. तिनं मनाला समजावलं की समुद्राकाठचं समुद्राकाठी राहिलं. जे विचारायचं होतं ते विचारून झालं, जे ऐकायचं होतं ते ऐकलं. आणि आता पुढच्या पाठीला कान आहेत हे ठाऊक झाल्यावर ती बांगड्या जरा जास्तच वाजवत चालली.

ज्वारी निघाली, खळी झाली, चैत्र लागला. हरिबा रोज सकाळी कुदळ-फावडं घेऊन एकटाच रानात जायला लागला. कशाला म्हणून विचारलं तर "हं." चारच दिवसांत चनमल्लप्पाच्या कानावर गेलं की हरिबा सामाईक बांधावर कुदळ चालवतोय. आता त्या मुलुखात बांधाला कुदळ लागली म्हणजे काय ते सांगायला नको. वीतभर बांधापायी सख्खे भाऊ एकमेकांची डोकी फोडतात. ज्याचे बैल आपण सांभाळले तोच आपलं रान कोरतोय म्हटल्यावर चनमल्लप्पाचं पित्त खवळलं. तो दोन माणसं बरोबर घेऊन तणतणत बांधावर आला. नेमकी त्याच वेळी राजूबाई भाकरीची पाटी घेऊन पोचत होती.

चनमल्लप्पा भांडायच्या तयारीनं वाकून बघतो तर त्याच्या बाजूचं एक ढेकूळसुद्धा हललेलं नव्हतं. माती पडली होती ती हरिबाच्याच बाजूला, हरिबाच्याच रानातली. काळी, कसदार, हात लावला तर ज्वारी उगवेल अशी. या टोकापासून त्या टोकापर्यंत पिकाऊ जमिनीची पट्टीच्या पट्टी त्यानं बांधात घातली होती. बांध दुपटीनं रुंद झाला होता. चनमल्लप्पाचा राग कुठल्या कुठं गेला आणि त्याला काळजीच वाटायला लागली.

"हरिबाअण्णा, लोक बांध कोरून रान वाढिवत्यात. तू रान घालून बांध वाढवायलास? कामून रं?"

हरिबानं कुदळ खाली ठेवली. घाम पुसला. डोक्यावर पाटी घेऊन उभ्या राहिलेल्या राजूबाईकडं बघितलं आणि म्हणाला, "वय झालं, अप्पा. कानाला कमी यायलंय. हितनं पुढं बांगडी ऐकू यायची न्हाई."

चनमल्लप्पाला काही उमगलं नाही. म्हाताऱ्याला ऊन लागलं असेल म्हणून त्यानं बरोबरच्या माणसाला पाणी आणायला पाठवलं. राजूबाईला उमगलं. तिनं पाटी खाली ठेवली, आलेल्या सगळ्यांना भाकरी वाढली, आणि वाढताना मान काही वर केली नाही.

संध्याकाळी दोघं घराकडं निघाली. हरिबा बांधावर चढला, आणि राजूबाई जन्माच्या सवयीनं मागं राहिली. चार पावलं टाकून हरिबा थांबला. ज्वारी कधीच निघून गेली होती. हातात धरून बघायला सगळ्या रानात एक कणीस नव्हतं. तो नुसता तिची वाट बघत उभा राहिला.